भिलाईच्या मुलखातील रक्तवाहिन्यांचे विकार

हृदयविकाराच्या झटक्याची धास्ती आपल्या समाजात आता एवढी खोलवर रुजली आहे, की छातीत किंचित कळ आली तरी घरातली माणसे रात्री-अपरात्री इस्पितळाची वाट धरतात. परंतु त्याच हृदयातून निघालेले रक्त ज्या वाहिन्यांतून शरीराच्या टोकापर्यंत जाते आणि ज्यांतून परत येते, त्यांच्या, आणि त्यातही पायांतील वाहिन्यांच्या, विकारांना मात्र वय, थकवा किंवा वात अशा सबबींखाली वर्षानुवर्षे अंगात मुरू दिले जाते. चालताना पोटरीत येणारा गोळा, संध्याकाळी घोट्याभोवती उमटणारा मोज्याचा वळ, पावलावरची महिनोन् महिने न भरणारी जखम यांची तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात पोहोचतो तो बहुधा बोट काळे पडल्यावर. हा विलंब हाच या विकारांतील सर्वांत घातक भाग होय, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि या विलंबाचा विचार करावयाचा तर छत्तीसगढातील भिलाई व तिच्या भोवतालचा मुलूख यांच्याइतके बोधप्रद क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल.

हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. १७४१ पासून १८५४ पर्यंत छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानीही नागपूरच होती. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली त्याच्या आगेमागे नागपूर, भंडारा, चांदा, अमरावती या भागांतून पुष्कळ मराठी कुटुंबे येथील सेक्टरांच्या वसाहतींत येऊन स्थिरावली. त्यांच्या पहिल्या पिढीचे आयुष्य भट्टी, कोक ओव्हन आणि रोलिंग मिल यांच्या पाळ्यांत उभ्याने गेले. उभ्याने गेले हे शब्दशः खरे आहे, आणि प्रस्तुत विषयाचा आरंभ तेथूनच करणे मला योग्य वाटते.

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर ढकलते. रोहिण्यांतून ते दाबाखाली वाहत जाते, केसाहूनही सूक्ष्म अशा केशवाहिन्यांत प्राणवायू व अन्नरस देऊन मोकळे होते आणि नीलांतून, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात शिरा म्हणतो त्यांतून, हृदयाकडे परतते. हे रक्त वर्तुळाकार फिरते, हा सिद्धान्त विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये मांडला, आणि ज्या केशवाहिन्या त्याला कधी दिसल्या नव्हत्या त्या मार्चेल्लो माल्पिघी याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. आपल्याकडे सुश्रुताने त्याच्या कितीतरी आधी शरीरात ७०० सिरा सांगितल्या आणि त्यांतील ९८ सिरांवर शस्त्र चालवू नये, असा निर्बंध घातला. त्याची गणना आज जुळत नसली, तरी कोणत्या शिरेला हात लावावा आणि कोणत्या लावू नये याची त्याने केलेली चिकित्सा पाहिली की शस्त्रवैद्याच्या प्रत्यक्ष अनुभवाची खात्री पटते.

रोहिणीतील रक्ताला हृदयाचा रेटा असतो. नीलेतील रक्ताला तो जवळजवळ उरलेला नसतो. माणूस निश्चल उभा राहिला म्हणजे हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा सगळा भार घोट्याजवळच्या शिरांवर पडतो आणि तेथील दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या घरात जातो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून शिरांतील रक्त वर पिळून काढतात, शिरांतील झडपा ते खाली परतू देत नाहीत, आणि काही पावलांतच हा दाब ३० च्या खाली उतरतो. येथे एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की पायांना श्रम बाधत नाहीत, त्यांना स्तब्धता बाधते. दिवसभर शेतात चालणाऱ्या बाईपेक्षा भिलाईच्या सुपेला बाजारातल्या साडीच्या दुकानात दहा तास एका जागी उभी राहणारी मुलगी अधिक धोक्यात असते. वाहतूक पोलीस, शिक्षक, न्हावी, भटारखान्यातला आचारी आणि मिलमध्ये नियंत्रणफलकासमोर उभा असलेला कामगार हे सर्व याच वर्गातले. त्यात भट्टीसमोरचा ताप आणि मे महिन्यातले दुर्ग-भिलाईचे ऊन यांची भर पडली, की उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या वाहिन्या रुंदावतात आणि पायांत साचणारे रक्त आणखी वाढते.

अशा रीतीने झडपा निकामी होत गेल्या म्हणजे शिरा फुगून नागमोडी दिसू लागतात. पुष्कळ लोक याला केवळ सौंदर्याचा प्रश्न समजतात, आणि स्त्रिया तर साडीच्या निऱ्यांआड तो झाकून टाकतात. परंतु पुढची पायरी म्हणजे आतल्या घोट्याच्या वरची त्वचा तपकिरी व चामड्यासारखी कडक होणे, नंतर तिला खाज सुटणे आणि शेवटी तेथे व्रण पडणे. हा व्रण मलमांनी भरत नाही, कारण त्याचे मूळ त्वचेत नसून शिरेतील दाबात असते. दाब उतरविल्याखेरीज केलेली मलमपट्टी म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय होय. पाय हृदयाच्या पातळीहून वर ठेवून निजणे, तासातून काही मिनिटे टाचा उचलून पोटरीला काम देणे, घट्ट विणीचे वैद्यकीय मोजे वापरणे आणि गरज भासल्यास बिघडलेली शीर लेझरने किंवा शस्त्रक्रियेने बंद करणे, हे उपाय आज सर्वमान्य आहेत. मोज्यांविषयी मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे: पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणे हा एक छळच असतो, आणि जो डॉक्टर रुग्णाला केवळ चिठ्ठी लिहून देतो, पण ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत आणि भर उन्हाळ्यात निदान सायंपाळीपुरते तरी सोडू नयेत, हे समजावून सांगत नाही, त्याची चिठ्ठी घरातल्या कपाटातच राहते.

बसण्याचा हक्क ही या बाबतीत औषधाहून मोठी गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी, संधी मिळेल तेव्हा विसावा घेता यावा म्हणून, बसण्याची तजवीज करण्याचे बंधन मालकांवर घातले होते. दुकानांतील नोकरांना हा हक्क मिळण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. केरळने तो २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला. इतर राज्यांनी हा कित्ता गिरवावा, त्यासाठी खजिन्यातून काहीही खर्च करावा लागत नाही.

शिरांचाच दुसरा विकार अधिक तातडीचा आहे. रक्ताचा संथपणा, वाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याकडे वाढलेली प्रवृत्ती या तिन्हींच्या संयोगातून पोटरीच्या वा मांडीच्या खोल शिरेत गुठळी होते, हे रुडॉल्फ व्हिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले. पायाला प्लास्टर घालून पडलेला कामगार, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळलेला रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली स्त्री यांच्या बाबतीत एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला आणि उबदार लागला, तर तो तासाभरात दाखवावा. अशा पायाला तेल लावून रगडण्याची आपल्याकडील सवय जिवावर बेतू शकते. सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस मिनिटांत दगावतो.

आता रोहिण्यांकडे वळू, कारण पाय कापण्याची वेळ येते ती बहुतेक त्यांच्यामुळे. त्यांच्या शत्रूंमध्ये तंबाखूचा मान पहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगढातील १०० प्रौढांपैकी ३९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. देशाचे प्रमाण सुमारे २९ आणि महाराष्ट्राचे सुमारे २७ होते. त्याच्या सात वर्षे आधी छत्तीसगढाचा आकडा ५३ होता, तेव्हा घट झाली आहे हे मान्य. पण जो आकडा उरला आहे तो अद्याप भयावह आहे. या मुलखातल्या जंगलांत तेंदूची पाने खुडली जातात, शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्यात विड्या वळल्या जातात, आणि घराघरांत, बायकांच्या हातीदेखील, गुडाखू असतो. तंबाखू आणि गुळाची काकवी यांची ती काळपट लुकण पहाटे उठल्याबरोबर तर्जनीवर घेऊन हिरड्यांना घासतात; आपल्याकडील मशेरीच्याच जातीचा हा प्रकार. गुडाखू घासल्याखेरीज शौचास होत नाही, असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात, आणि दात स्वच्छ ठेवण्याचे साधन म्हणून तो मुलांच्या हाती देणाऱ्या आयाही भेटतात. धूर नाही म्हणून अपाय नाही, ही समजूत साफ चुकीची आहे; निकोटीन कोणत्याही वाटेने रक्तात उतरले तरी ते रक्तवाहिन्या आकसवते.

विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत या आकसण्याचे एक उग्र रूप दिसते. फेलिक्स फॉन विनिवार्टर याने १८७९ मध्ये आणि लिओ बर्गर याने १९०८ मध्ये वर्णिलेला, आज बर्गरच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ होत गेला. भारतात मात्र तो अजून नांदतो आहे. वय बहुधा पंचेचाळिशीच्या आतले, साखर नाही, रक्तदाब नाही, हृदय उत्तम. आणि तरीही पावलांच्या व हातांच्या लहान व मध्यम वाहिन्या दाहाने व गुठळ्यांनी बंद होत जातात. असा रुग्ण रात्री खाटेवरून पाय खाली लोंबकळत ठेवून, गुडघ्याला हातांनी विळखा घालून बसलेला असतो, कारण पाय आडवा केला की असह्य वेदना सुरू होतात. पाय वर उचलून धरला तर तो पांढराफटक पडतो आणि खाली सोडला की काही वेळाने तांबूस-जांभळा होतो. प्रथम अंगठ्याच्या टोकाला लहानशी काळी खपली, मग एक बोट, मग पुढचे पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, असा या विकाराचा प्रवास होतो. याचे एकच औषध निर्विवाद सिद्ध झाले आहे, ते म्हणजे तंबाखूचा संपूर्ण त्याग. जे सोडतात त्यांचे पाय बहुधा वाचतात. जे दिवसाला दोनच विड्यांवर आणतात त्यांचे वाचत नाहीत. म्हणून अशा रुग्णाला विडी कमी करण्याचा सल्ला देणे हे माझ्या मते सौजन्याच्या वेषातले दुर्लक्ष आहे.

पन्नाशीनंतर चित्र बदलते. मधुमेह, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि तंबाखू यांच्या संयुक्त माऱ्याने मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत थर साचतात, मार्ग अरुंद होतो, आणि ठराविक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते. दोन मिनिटे थांबले की कळ जाते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येते. मणक्यातील नस दबल्याने येणारी कळ नुसते उभे राहून जात नाही, तिला वाकावे वा बसावे लागते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तर वाताच्या तेलावर घालविलेली कित्येक वर्षे वाचतील. निदानासाठी यंत्रे लागतात असेही नाही. पावलाच्या पाठीवर, अंगठा वर उचलताच जी ताठ दोरी दिसते तिच्या बाहेरच्या अंगाला दोन बोटे हलकेच टेकवली की रोहिणीचे स्पंदन लागते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे. काही निरोगी माणसांत पहिली नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही जागा तपासाव्यात. त्यापुढची पायरी म्हणजे घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहणे. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर रोहिणी अरुंद झाली आहे असे धरतात, १.४ च्या वर आले तर, विशेषतः जुन्या मधुमेह्यांत, वाहिन्या चुन्याने कडक झाल्यामुळे आकडा फसवा असण्याचा संभव असतो.

उपचारांविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. अशा रुग्णाला घरची माणसे चालणे बंद करायला लावतात. वास्तविक कळ येईपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, तीन महिने केल्यास वेदनारहित अंतर लक्षणीय वाढते. वाहिनी आतून रुंद करण्याचे तंत्र तर पायापासूनच सुरू झाले; चार्ल्स डॉटर याने १९६४ मध्ये पहिला प्रयोग केला तो एका वृद्ध स्त्रीच्या मांडीतील रोहिणीवर, हृदयावर नव्हे, आणि तिचा पाय वाचला. पाय एकाएकी थंड, फिका व बधिर पडला, तर मात्र चालणे-थांबणे सोडून लगोलग निघावे; सुमारे सहा तासांत रक्त परत वाहू लागले नाही तर स्नायू मरू लागतात.

मेंदूच्या वाहिन्यांबद्दल सीमेपलीकडच्या गडचिरोलीने जे दाखवून दिले ते या मुलखाला तंतोतंत लागू पडते. तेथील ८६ खेड्यांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची डॉ. योगेश्वर काळकोंडे व 'सर्च' संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा १०० मृत्यूंपैकी १४ अर्धांगवायूने झालेले आढळले. तो मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरला, आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच मरण पावली होती. खेड्यात रक्तदाब नसतो, तो शहरी, बैठ्या माणसांचा रोग, ही आपली सुखासीन कल्पना या एका पाहणीने निकालात काढली. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर गुठळी विरघळविणारे औषध देण्यास सुमारे साडेचार तासांचाच अवधी असतो. भिलाईहून रायपूर तासाभराच्या अंतरावर आहे, पण मानपूर-मोहल्याच्या जंगलातल्या गावाहून नाही.

या मुलखाची म्हणून जी एक खास पीडा आहे, तिला येथे लोक सिकलिंग म्हणतात. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषामुळे प्राणवायू कमी पडताच या लवचीक, गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात आणि केशवाहिन्यांत अडकून पडतात. मग हाडांत, पोटात, छातीत कळा उठतात, मांडीच्या हाडाचे डोके रक्तावाचून मरते आणि क्वचित लहान मुलालाही अर्धांगवायू होतो. मध्य भारतातील या दोषाचे वृत्त नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये जगापुढे ठेवले. रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक जणांच्या तपासणीत नऊ टक्क्यांहून थोड्या अधिकांत तो दोष वाहक रूपात आढळला आणि हजारी दोघांत प्रत्यक्ष रोग. वाहक माणूस सामान्यतः निरोगी असतो; दोन वाहकांच्या अपत्याला मात्र प्रत्येक खेपेस चारांत एक एवढा धोका असतो. उष्णता, घामाने कमी झालेले पाणी, अतिश्रम आणि ताप ही कळांना निमंत्रण देणारी कारणे, आणि भट्टीपुढे तीच एकवटतात. म्हणून प्रत्यक्ष रोग असलेल्या तरुणाला तेथे कामाला लावणे हे मी अन्यायाचे समजतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे या रोगाच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कळांचे प्रमाण निश्चित कमी करते, आणि ते तालुक्याच्या दवाखान्यात अखंड मिळत राहिले तरच त्या मोहिमेला अर्थ आहे.

हत्तीपायाचा उल्लेख ओझरता करतो, कारण तो रक्ताचा नव्हे, लसिकेच्या वाहिन्यांचा विकार. मात्र त्याचे जंतू रक्तात रात्रीच उतरत असल्यामुळे तपासणीचे रक्तही रात्री घ्यावे लागते, आणि सरकारी गोळ्या वाटल्या जातात तेव्हा सुजलेला पाय नसलेल्यांनीही त्या घ्याव्या लागतात, एवढे लोकांना पटणे अगत्याचे आहे.

उपचार कोणाला मिळतो, हा प्रश्न अखेर उरतोच. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू इस्पितळ कारखान्याच्या कर्मचाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी उभे राहिले, आणि त्याने पिढ्यान् पिढ्या सेवा दिली. दुसरीकडे दल्लीराजहऱ्याच्या खाणकामगारांनी, ज्यांच्या लोहखनिजावर ही भट्टी पेटती राहिली त्यांनी, १९७७ च्या गोळीबारात बळी पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली, स्वतःच्या वर्गणीने १९८३ साली शहीद इस्पितळ उभारले. ही दोन्ही उदाहरणे या मुलखाला भूषणावह आहेत. परंतु कायम कामगारांची संख्या दशकामागून दशक घटत गेली आणि तीच कामे ठेक्याच्या मजुरांकडे आली. ते त्याच उष्णतेत, त्याच काँक्रीटवर, तितकेच तास उभे असतात, आणि ठेकेदार बदलला की त्यांचा वैद्यकीय दाखलाही दफ्तरातून नाहीसा होतो. पाय कापला गेलेल्या ठेक्याच्या मजुराला पुन्हा काम मिळत नाही.

तेव्हा व्यवस्थापनास, कामगार संघांस आणि शासनास विनंती एवढीच, की वार्षिक वैद्यकीय तपासणीत बूट आणि मोजे उतरवून प्रत्येकाच्या दोन्ही पावलांच्या नाड्या पाहाव्यात, चाळिशीनंतर घोट्याचा दाब नोंदवावा, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यास आठवड्यातून एकदा भेटेल असा समुपदेशक नेमावा, आणि ही नोंद कायम कामगाराइतकीच ठेक्याच्या मजुराचीही ठेवून ती ठेकेदाराच्या नव्हे, मजुराच्या हाती द्यावी. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मधुमेही आई-वडील आहेत त्यांनी आज रात्री त्यांची पावले उजेडात घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट पाहावीत, आणि एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल तर उद्याच दवाखाना गाठावा.